स्पॅनिश शिकायला परदेशी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश जिथे बोलली जाते तिथे जाऊन, तिथल्या माणसांत राहून शिकायचं ठरवलेल्यांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिलेत. खरा उच्चार कानानेच पकडा.

१. इमर्शन म्हणजे नक्की काय? तिकडे जाऊन क्लास लावला की झालं ना?

नाही झालं. इमर्शन म्हणजे उठता-बसता त्याच भाषेत राहणं. क्लास दिवसाचे चार-पाच तास असतो. उरलेल्या वेळात तुम्ही भाजी कोणत्या भाषेत घेता, बस चुकल्याचं कोणाला सांगता, जेवताना कोणाशी बोलता, यावर सगळं अवलंबून असतं.

बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना केली. एक गट आपल्याच कॉलेजच्या वर्गात शिकणारा, एक फ्रान्सला गेलेला, आणि एक अमेरिकेतच राहून फक्त फ्रेंच बोलायच्या उन्हाळी निवासी कार्यक्रमात गेलेला. बोलण्याचा ओघ सर्वात जास्त वाढला तो या तिसऱ्या गटाचा, कारण वर्गाबाहेर फ्रेंच सर्वात जास्त वापरली ती त्यांनी. फ्रान्सला गेलेली मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होती.

हा अभ्यास फ्रेंचचा आहे, पण मी स्पेनमधल्या सालामांकात आणि मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात हेच पाहिलंय. म्हणून निघण्याआधी शाळेपेक्षाही एका गोष्टीचा विचार जास्त करा: संध्याकाळी सहा ते दहा या वेळात तुम्ही कोणाबरोबर असणार आहात? खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच प्रश्न फिरून येईल.

२. अगदी शून्यातून गेलं तर चालेल का, की आधी थोडं शिकून जावं?

थोडं शिकून जा. आकडे, वेळ, वर्तमानकाळ, रोजची पन्नासेक क्रियापदं आणि 'हे कसं म्हणतात?' विचारणारं 'कोमो से दिसे?' एवढं पक्कं असलं तरी पहिला आठवडा वाया जात नाही. क्रियापदांचे तक्ते घरी बसूनही पाठ होतात. तिकडे ज्या कुटुंबात राहाल त्या यजमान घरातल्या आजीशी गप्पा इथे बसून होत नाहीत. अपवाद ग्वातेमालातल्या शाळांचा. तिथे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक असतो (प्रश्न ५), त्यामुळे कोरी पाटी घेऊन गेलात तरी तुमच्यामुळे कोणाचं अडत नाही.

३. किती आठवडे पुरेसे होतात?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांसाठी कामकाजापुरत्या स्पॅनिशचा अंदाज ६०० ते ७५० वर्गतासांचा धरलेला आहे. आठवड्याला २० तासांचा वर्ग धरला तर चार आठवड्यांत ८० तास होतात. म्हणजे महिनाभरात 'अस्खलित' करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा.

माझ्या पाहण्यात दोन आठवड्यांत जुनं शिकलेलं वर येतं, चार आठवड्यांत बोलायची भीती जाते आणि बारा आठवड्यांत स्वभाव भाषेत उतरू लागतो, म्हणजे तुम्ही स्पॅनिशमध्ये वाद घालता, चेष्टा करता. सुट्टी मोजकीच असेल तर दोन देशांत दोन-दोन आठवडे घालवण्यापेक्षा एकाच घरात चार आठवडे काढा.

४. स्पेन बरं की लॅटिन अमेरिका? शुद्ध स्पॅनिश कुठली?

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि सुशिक्षित माणसाची बोली प्रत्येक ठिकाणी तितकीच शुद्ध आहे. फरक कानाला जाणवतो तो उच्चारांचा. स्पेनच्या बहुतेक भागात 'ग्रासियास' (धन्यवाद) यातला पहिला 'स' जीभ दातांमध्ये धरून, 'थ'च्या जवळ नेऊन म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तो साधा 'स' असतो. ब्यूनोस आयरेसला 'काये' (रस्ता) हा शब्द 'काशे' ऐकू येतो आणि 'यो' (मी) 'शो' होतो. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात आणि कॅरिबियन किनाऱ्यावर शब्दाच्या शेवटचा 'स' विरून जातो. नवख्याला बोगोता (कोलंबिया), कितो (इक्वेडोर), मेक्सिको सिटी किंवा ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातलं बोलणं लवकर सुटं सुटं ऐकू येतं.

सालामांकाची ओढ मात्र मी समजू शकते. तिथलं विद्यापीठ १२१८ पासूनचं आहे, आणि १४९२ मध्ये स्पॅनिशचं पहिलं व्याकरण लिहिणारा अंतोनियो दे नेब्रिहा तिथेच शिकला आणि शिकवतही होता. गाव पायी फिरण्याएवढं आहे, त्यामुळे एकाच दुकानदाराशी दिवसातून दोनदा गाठ पडते. शिकणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. मेक्सिको सिटीत राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र १९२१ पासून चालू आहे. तिथे शिस्तीचा, विद्यापीठाच्या वळणाचा अभ्यासक्रम मिळतो.

पुढे जिथल्या लोकांशी काम किंवा नातं असणार आहे, त्या बाजूला जा. तसं काहीच ठरलेलं नसेल तर पैसा जिथे जास्त दिवस पुरेल तो देश निवडा.

५. शाळा कशी निवडायची? गटात शिकावं की एकट्याने?

ग्वातेमालात आंतिग्वा आणि केत्साल्तेनांगो (सगळे त्याला 'शेला' म्हणतात) इथली पद्धत अशी: रोज चार-पाच तास, आठवड्याला पाच दिवस, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, अंगणातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर. लपायला जागाच नसते. स्पेनमध्ये बहुतेक वर्ग गटाचे. तिथे विचार ऐकायला मिळतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची मिनिटं कमी येतात. लाजाळू माणसाने एकेकट्याच्या वर्गाने सुरुवात करावी आणि मग गटात जावं, असं माझं मत आहे.

स्पेनमध्ये इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पॅनिशच्या प्रसारासाठीच्या सरकारी संस्थेची मान्यता आहे का ते पाहा, ग्वातेमालात इन्ग्वात या पर्यटन संस्थेची. स्पेनमधल्या सरकारी भाषाशाळा, एस्कुएला ओफिसियाल दे इदियोमास, स्वस्त आणि चांगल्या आहेत, पण त्यांचे वर्ग शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालतात. महिन्याभरासाठी त्यांचा उपयोग नाही. शाळेला नुसतं 'तुमचे विद्यार्थी कुठून येतात?' एवढं विचारलं तरी बरंच कळतं. एकाच देशातून मोठा घोळका येत असेल तर मधल्या सुट्टीची भाषा तीच असणार.

६. यजमान कुटुंबात राहावं की स्वतंत्र खोली घ्यावी? अवघडल्यासारखं होणार नाही का?

होईल. तरीही कुटुंबातच राहा, निदान पहिला महिना.

शेलामध्ये मी ज्या घरात होते तिथे आजी, तिची मुलगी आणि चार वर्षांचा नातू होता. पहिल्या संध्याकाळी मला 'ग्रासियास' सोडून काही सुचलं नाही. समोर काळ्या घेवड्याचे फ्रिहोलेस, फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणि आजी एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव सांगत होती. तिसऱ्या आठवड्यात कशावरून तरी मी 'नो साबो' म्हणाले, 'मला माहीत नाही' या अर्थी. बरोबर रूप 'नो से'. नियमाप्रमाणे केलं तर 'साबो' व्हायला हवं, म्हणून मी तसं केलं. दोन मिनिटांनी नातूही 'नो साबो' म्हणाला. आजीने हातातली तोर्तिया खाली ठेवली, आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'से. नो से.' आम्ही दोघांनी एका सुरात म्हटलं. ते रूप मी पुन्हा कधी चुकले नाही.

स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते साडेतीनच्या सुमारास होतं आणि ताटं उचलल्यावरही लोक टेबलाशी बसून राहतात. या बसण्याला नावच आहे, 'सोब्रेमेसा'. भाषा तिथे मिळते. गृहपाठ आहे म्हणून उठून खोलीत जाऊ नका.

मात्र सगळीच 'कुटुंबं' कुटुंबं नसतात. दुसऱ्या एका शहरात मला ज्या घरी पाठवलं तिथे माझ्यासारखे आणखी तिघे परदेशी होते, जेवण फ्रिजमध्ये झाकून ठेवलेलं असायचं आणि आम्ही चौघं इंग्रजीत बोलत ते गरम करून खायचो. मी पाच दिवसांनी घर बदलून मागितलं. ते पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: घरात आणखी किती विद्यार्थी असतील, रात्री घरचे आमच्याबरोबर जेवतात का, आणि जमलं नाही तर घर किती दिवसांत बदलून मिळतं.

७. मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, पण नेमकं बोलावं लागेल. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी हॅमचे तुकडे किंवा ट्यूना मासा तसाच येतो, कारण त्यांच्या मनात 'कार्ने' म्हणजे बहुधा गाई-डुकराचं मांस. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन', म्हणजे मांस, कोंबडी, मासा, हॅम यातलं काहीच खात नाही. मेक्सिको-ग्वातेमालात घेवडा 'मांतेका'त परततात का ते विचारा. तिकडे मांतेका म्हणजे डुकराची चरबी. आर्जेंटिनात तोच शब्द लोण्यासाठी आहे. आणि स्पेनमध्ये 'तोर्तिया' मागवली तर मक्याची पोळी नाही, अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट येईल.

८. मराठी मातृभाषा असल्याचा काही फायदा होतो का? सगळी पुस्तकं इंग्रजीतून समजावतात.

खूप होतो, आणि हा प्रश्न मला सर्वात आवडतो. इंग्रजीतून शिकवलं की ज्या गोष्टी 'विचित्र' म्हणून समोर येतात, त्यातल्या कितीतरी आपल्या तोंडात आधीपासून आहेत.

'मे गुस्ता एल काफे' घ्या. इंग्रजी पुस्तक तीन पानं खर्च करून सांगतं की इथे कॉफी हा कर्ता आहे. आपण म्हणतो, 'मला कॉफी आवडते.' रचना तीच. अनेकवचनात 'मे गुस्तान', आपलं 'आवडतात'. 'मे दुएले ला काबेसा'चंही (माझं डोकं दुखतंय) तसंच: दुखणारं असतं ते डोकं.

माणूस कर्म असेल तर स्पॅनिशमध्ये आधी 'आ' लागतो, वस्तू असेल तर नाही: 'बेओ आ मारिया', पण 'बेओ ला कासा'. आपण 'मारियाला पाहते' म्हणतो आणि 'घर पाहते' म्हणतो. हा नियम मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही, फक्त दाखवावा लागतो.

दोन भूतकाळांनी लोक रडकुंडीला येतात. 'कोमी' म्हणजे खाल्लं, संपलं. 'कोमिया' म्हणजे खायचो, किंवा खात होतो. 'लहानपणी आम्ही गच्चीवर झोपायचो' यातलं 'झोपायचो' जिथे येतं, तिथे स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा 'कोमिया'सारखा अपूर्ण भूतकाळच येतो.

आणि ज्याला सगळे घाबरतात तो सबजंक्टिव्ह, म्हणजे 'असं व्हावं' सांगणारं क्रियापदाचं रूप. 'किएरो के बेंगास': तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'येतोस' आणि 'यावंस' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला या रूपाचा आत्मा कळलेला असतो. सगळ्या जागा जुळत नाहीत, पण सुरुवातीला एवढा आधार पुष्कळ आहे.

उच्चारांत 'त', 'प', 'क' आपल्यासारखेच, बिनश्वासाचे. स्वर पाचच. कष्ट पडतील ते 'र्र'ला ('पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा), आणि 'ब' आणि 'व' अशी दोन अक्षरं लिहून आवाज एकच काढण्याला. लिंगं दोनच आहेत, नपुंसकलिंगी नामं नाहीत, पण आपल्या लिंगावरून त्यांचं ओळखायला जाऊ नका.

९. मी स्पॅनिशमध्ये विचारते आणि समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. काय करू?

पर्यटकांच्या चौकातून दोन गल्ल्या आत जा. कॅफेतला वेटर घाईत असतो, त्याला शिकवणीत रस नाही. बाजारातली भाजीवाली, न्हावी, शिंपी, ग्रंथालयातला कर्मचारी, दुपारी बाकावर बसलेली म्हातारी माणसं, यांच्याकडे वेळही असतो आणि इंग्रजीची हौस नसते. तरी कोणी इंग्रजीवर गेलाच तर आपण शांतपणे स्पॅनिशच चालू ठेवायची. तिसऱ्या वाक्याला तो परत येतो. 'इंतेरकांबियो' म्हणजे भाषांची देवाणघेवाण करणाऱ्या बैठका शहरांत असतात, पण तिथे निम्मा वेळ तुमच्या इंग्रजीवर जातो. त्यापेक्षा काहीतरी शिकायला जा: नाच, स्वयंपाक, मातीकाम. शिक्षक 'कोपर वर' म्हणाला की कळलं नाही असं म्हणायची सोय नसते, हात हलवावाच लागतो.

१०. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं दुखतं, काहीच येईनासं होतं. माझंच असं होतंय का?

सगळ्यांचं होतं. दिवसभर परक्या भाषेत कान लावून बसणं हे शारीरिक श्रमाचं काम आहे. रोज तासभर कोणाशीही न बोलता फिरायला जा आणि झोप मोडू नका. शेला सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, तिथे पहिल्या दिवसांची दमछाक भाषेची कमी आणि हवेची जास्त असते. त्या दिवसांत घरी तासन्‌तास फोन करायचा मोह होतो. आठवड्यातून दोनदा करा, रोज नको.

११. मैत्रिणीबरोबर किंवा नवऱ्याबरोबर गेलं तर?

एकाच शहरात जा, वेगळ्या घरांत राहा आणि वेगळ्या वर्गांत बसा. नवरा-बायकोंना हे जड जातं, पण एकाच घरात राहिलात तर निदान जेवणाच्या टेबलावर आपसात मराठी बंद, असं ठरवून घ्या. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी भाषाशाळांत विद्यार्थी आल्यावर तशी लेखी प्रतिज्ञाच करतात.

१२. वय पन्नाशीच्या पुढे आहे. जमेल का?

जमेल. उच्चार तरुणांइतके चटकन बसत नाहीत, पण वयस्कर माणसाकडे सांगायला गोष्टी असतात आणि ऐकायला धीर असतो, आणि यजमान घरातल्या मोठ्या माणसांशी तुमचीच गट्टी लवकर जमते. फक्त वीस वर्षांच्या मुलांच्या वसतिगृहात खोली घेऊ नका.

१३. डेले द्यावी की सिएले?

डेले हा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वांतेस देतं तो डिप्लोमा, मुदत कायमची. तुम्ही एक पातळी (सर्वात सोप्या ए१ पासून सर्वात वरच्या सी२ पर्यंत) निवडता आणि उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होता. सिएले संगणकावर होते, एकाच परीक्षेत तुमची पातळी सांगते आणि पाच वर्षं ग्राह्य असते. विद्यापीठ किंवा नोकरी समोर असेल तर त्यांना कुठली चालते हे विचारून ठरवा. काहीच समोर नसेल तर परदेशातले महत्त्वाचे आठवडे परीक्षेच्या सरावात घालवू नका. परत येऊन द्या.

१४. व्हिसाचं कसं? नव्वद दिवसांनी शेजारच्या देशात जाऊन परत आलं की चालतं म्हणतात.

इथेच लोक फसतात. शेंगेन देशांत, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात, अल्पमुदतीच्या मुक्कामासाठी १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. फ्रान्स किंवा पोर्तुगालला जाऊन आल्याने ते नव्याने सुरू होत नाहीत. मध्य अमेरिकेतही तसंच: ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चौघांचा करार असल्यामुळे ९० दिवस चौघांत मिळून मोजतात.

स्पेनमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त शिकायचं तर शिक्षणासाठीचा व्हिसा निघण्याआधीच घ्यावा लागतो. खर्चासाठी किती पैसे असल्याचं दाखवायचं ते 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकावर मोजतात. २०२३ पासून तो दरमहा ६०० युरो आहे. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर पोहोचल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. परदेशी नागरिकांबाबतची स्पेनची नवी नियमावली २० मे २०२५ पासून लागू झाली आहे, त्यामुळे त्याआधी लिहिलेले सल्ले, विशेषतः शिकताना काम करण्याबद्दलचे, वापरू नका. दूतावासाच्या पानावरची यादीच धरा.

१५. 'तू' म्हणू की 'उस्तेद'?

'तू' हा शब्द आपलाच वाटतो आणि अर्थही तोच. 'उस्तेद' म्हणजे तुम्ही. पण सीमारेषा जागेप्रमाणे सरकते. स्पेनमध्ये अनोळखी दुकानदारही पटकन 'तू'वर येतो. बोगोतात भावंडं आणि जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना ऐकाल. त्यात दुरावा नसतो. आर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो आणि क्रियापदही बदलतं: 'तिएनेस'चं 'तेनेस'. ग्वातेमालात मित्रांत 'बोस' चालतो. वयाने मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणून सुरुवात करा. समोरचा 'तू म्हण' म्हणाला की उतरा.

१६. बार्सिलोनाला जायची फार इच्छा आहे. चूक आहे का?

चूक नाही, पण तिथे कातालान आणि स्पॅनिश दोन्ही अधिकृत आहेत. शाळा, पाट्या, शेजारणींच्या गप्पा पुष्कळदा कातालानमध्ये असतात. तुमच्याशी स्पॅनिश बोलतील, पण कानावर सहज पडणारं सगळं स्पॅनिश नसेल. वालेन्सिया, गालिसिया आणि बास्क प्रदेशातही आपापल्या भाषा आहेत. असाच प्रश्न ग्वातेमालाच्या खेड्यांत येतो: त्या देशात २२ माया भाषा बोलल्या जातात आणि यजमान आई मुलांशी किचे किंवा माममध्ये बोलत असू शकते. मला ते ऐकायला मिळणं भाग्याचं वाटतं, पण पहिल्या महिन्यासाठी शहरातलं घर घ्या आणि खेडं नंतर.

१७. एका देशात शिकलेले शब्द दुसऱ्या देशात अडचणीत आणतात का?

कधीकधी. स्पेनमध्ये बस 'पकडायला' 'कोहेर' हे रोजचं क्रियापद आहे. मेक्सिकोत आणि आर्जेंटिनात ते अश्लील ठरतं, तिथे 'तोमार' म्हणा. 'एम्बारासादा' म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर. 'मी कंटाळलोय' म्हणताना 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणा. 'सोय' वापरलंत तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असं होतं. परक्या माणसाची चूक लोक ओळखतात आणि माफ करतात, म्हणून या भीतीने गप्प बसू नका.

१८. परत आल्यावर सगळं विसरायला होतं. टिकवायचं कसं?

निघण्याआधीच एका माणसाशी ठरवून या की दर आठवड्याला अमुक वारी, अमुक वेळेला फोन. शिक्षिका असेल तर पैसे देऊन, यजमान घरातलं कोणी असेल तर मायेने. ॲप आणि मालिकांनी कान टिकतो, तोंड टिकत नाही. शेलाच्या त्या घरी मी अजून रविवारी फोन करते. नातू आता शाळेत जातो, आणि माझं एखादं रूप चुकलं की आजीच्या आधी तोच सांगतो.